ओला कापूस आणि गहाळ नाव

राजापेठेत आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर झेरॉक्सचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर अकरावी-बारावीचे ट्यूशन क्लास. मधे मी. दिवसभर खालून मशीनची घरघर येते, वरून सेंद्रिय रसायनशास्त्र ठिबकतं, आणि या दोन्हींच्या मधे बसून मी संगणक का अडतात याचा तपास करतो. पूर्वी कोणी विचारलं, ‘साहेब, तुम्ही करता काय?’ तर मी खुर्ची ओढून, चहा मागवून, अगदी मुळापासून सुरुवात करायचो. आता बायको मला तोंड उघडू देत नाही. ती सांगते, “हे पंचनामे करतात. यांच्यात कोणी मरत नाही, नुसतं अडून बसते. मग हे जाऊन विचारतात, बाबा, कोणाच्या सांगण्यावरून बसला?”

इतकं नेमकं वर्णन मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही. म्हणून मी आता तेच वापरतो.

तर, पंचनामे. संगणकाच्या अगदी पोटात एक सॉफ्टवेअर असतं, त्याला कर्नल म्हणतात. पडद्यावर ते कधी येत नाही. नाटकात विंगेतून दोर ओढणारा माणूस असतो ना, तसं. मी त्या विंगेतला. पुण्याच्या एका कंपनीसाठी काम करतो. ही कंपनी जिनिंग फॅक्टऱ्यांना, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांना, एक छोटा डबा विकते. डब्याची एक तार वजनकाट्याला आणि दुसरी ओल मोजणाऱ्या सेन्सरला. कापूस आला की डबा सांगतो, वजन इतकं, ओल इतकी. कापसावर पाणी शिंपडून वजन वाढवण्याची कला आमच्या वऱ्हाडात जुनी आहे. ती पकडण्याची कला नवी आहे आणि आमचा डबा त्या नव्या कलेत पोट भरतो.

डब्यातल्या कर्नलमध्ये फंक्शन नावाचे तुकडे कामं करतात. एक दुसऱ्याला कामाला लावतो, दुसरा तिसऱ्याला. कोणी कोणाला पाठवलं याच्या खुणा एकावर एक रचल्या जातात, मडक्यांच्या उतरंडीसारख्या. मशीन अडलं की आम्ही ती उतरंड वरून खाली वाचतो: याला त्यानं पाठवलं, त्याला अमक्यानं पाठवलं. नावांच्या या माळेला ट्रेस म्हणतात. आमच्या धंद्यात ट्रेस म्हणजे शेवटचा श्वास घेणाऱ्याचा जबाब. त्याच्यावर शंका घेणं असभ्यपणाचं समजतात.

गेल्या हिवाळ्यात, कापसाच्या ऐन हंगामात, आमचे डबे अडायला लागले. काट्यावर ट्रॅक्टर उभा, मागे रांग, आणि आकडा मधेच गोठून बसलेला. काही क्षणांनी पुन्हा चालू व्हायचा, पण तेवढ्या वेळात रांगेतला प्रत्येक माणूस डब्याबद्दल आणि डबा बनवणाऱ्यांच्या घराण्याबद्दल मनमोकळं बोलून घ्यायचा. तक्रारी पुण्याला गेल्या. पुण्यानं हेरगिरीचं एक साधन लावलं. कर्नलमध्ये एक फंक्शन आहे, कामाला थोडा वेळ थांबवून ठेवणारं. त्याचं खरं नाव इंग्रजीत आणि फार आडदांड आहे, आपण त्याला ‘झोप’ म्हणू. या झोपेच्या दारात हेर उभा केला: जो कोणी झोप मागायला येईल, त्याची अख्खी उतरंड टिपून घे.

हेरानं टिपलं. झोप. तिला पाठवणारं: ‘ओलावा’. बस, आरोपी हाती.

‘ओलावा’ हे फंक्शन ओल मोजणाऱ्या भागाचं, आणि तो सगळा भाग एकटीनं लिहिलेली बाई अकोल्यात राहते, जठारपेठेत. नवरा तिथल्या कॉलेजात शिकवतो, सासू आणि घर तिथंच, आणि ज्या फॅक्टरीत डबा पहिल्यांदा बसला ती स्कूटरच्या टप्प्यात. म्हणून कंपनीनं तिला अकोल्यातूनच काम करू दिलं होतं. आता मोठ्या साहेबांनी ठरवलं की तिचा भाग काढून टाकायचा, बाहेरून तयार भाग विकत घ्यायचा आणि बाईंनी पुण्याला येऊन टेस्टिंगच्या टेबलावर बसायचं. शुक्रवारी चार वाजता मीटिंग, तिथं शिक्कामोर्तब. पुणं नको असेल तर राजीनामा.

गुरुवारी तिचा फोन आला. मी माझा नेहमीचा नाट्यमय ‘बोला मॅडम’ म्हणालो, तर पलीकडून सरळ सुरुवात.

“दादा, म्या झोप कुठंच मागितली नाही. एक ओळ दाखवा म्हणा त्याइले.”

“ते म्हणतात, तुझं एखादं बारीक फंक्शन असेल, कंपायलरनं मोठ्यात विरघळवून टाकलं.”

“माहंच फंक्शन, अन् मलेच भेटून नाही राहिलं?”

“तसं होतं कधी कधी.” कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्रभाषेत उतरवणारा; उतरवताना तो छोटी फंक्शनं मोठ्यात मिसळून टाकतो.

“तुमी कोणाच्या बाजूनं आहा?”

मी पुराव्याच्या बाजूनं आहे, असं एक छान वाक्य मी तयार केलं होतं, ते गिळलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, “जा अकोल्याले. फोनवर तुम्ही एवढे हातवारे करता, तिले एक दिसत नाही.”

शुक्रवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरली. समोर धोतर-टोपीतले एक आजोबा. गाडी हलली तशी त्यांनी चौकशी उघडली. गाव कोणतं? अमरावती. मूळचं? दर्यापूरकडचं. मामाचं गाव? सासुरवाडी? मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी माझ्या तीन पिढ्या अशा सफाईनं उलगडल्या की मला वाटलं यांना कंपनीत घ्यावं. मधे माझी आत्या त्यांच्याकडून सुटली, तर परत मागे जाऊन तिला घेऊन आले. असा ट्रेस मी जन्मात पाहिला नव्हता.

अकोला स्टेशनबाहेर ती स्कूटरवर उभी. चेहरा असा की मी विनोद खिशातच ठेवला. घरी पोचलो तर जेवणाच्या टेबलावर फॅक्टरीतून मागून आणलेला जादा डबा, त्याच्या तारा, लॅपटॉप, आणि कापूस दाबायची सेन्सरची पाटी. टेबलाच्या डोक्याशी सासूबाई. उंच, सरळ पाठीच्या, मूळच्या शेतकरी घरच्या. जमीन अजून करतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, “भाऊ, हे डबडं न्यायले आले का तुमी?”

“नाही काकू, याची चौकशी करायला.”

“करा. उद्यापासून तसंही घर मोकळं होऊन राहिलं. हे चालली पुण्याले. आमाले मायलेकाले बरं. टेबल तरी दिसन.”

“आई, अजून ठरलं नाही,” सून म्हणाली.

“ठरलं असतं तं मी हरभरे भिजवले नसते का शिदोरीले?” असं म्हणून त्या आत गेल्या. याचा अर्थ मला लागला नाही. सुनेला लागला असावा, कारण ती थोडी हसली.

आता डबा अडवायचा कसा? बरा चालणारा डबा आम्हाला नको होता. तिनं फॅक्टरीत पाहून ठेवलं होतं: कापूस कोरडा असला तर डबा कधी अडत नाही. फार ओला असला, सेन्सरला चिकटला, की सेन्सर वेडंवाकडं उत्तर देतो आणि त्यानंतर अडतं. म्हणजे कापूस हवा, आणि ओला हवा. घरात कापूस होता. सासूबाईंनी शेतातला निवडक, पांढराशुभ्र, नव्या गाद्यांसाठी चादरीत बांधून कपाटावर ठेवला होता.

मी मोठ्या अदबीनं विषय काढला.

“कापूस पायजे? घ्या की.”

“थोडं पाणी शिंपडावं लागेल, काकू.”

त्या बघतच राहिल्या. “कापसाले पाणी?”

“प्रयोगासाठी.”

“भाऊ, माह्या सासऱ्यानं जिंदगीत कापसाले पाणी नाही मारलं. लोक रात्री मारत, हे माहीत असूनही नाही मारलं. काट्यावर आमच्या घरची गाडी गेली का मापारी हात न घालता पावती फाडे. अन् तुमी माह्याच डायनिंग टेबलावर?”

“आई, विकायचा नाही, नुसता ओला करायचा,” सून म्हणाली.

“पाहणाऱ्याले काय माहीत विकायचा का नाही?”

हा मुद्दा बिनतोड होता. शेवटी तडजोड अशी झाली की कापूस मिळेल, पण सगळे पडदे लावायचे. म्हणून भर दुपारी, पंखा लावून, अंधारात, कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायची पिचकारी हातात घेऊन दोन इंजिनिअर जेवणाच्या टेबलावर कापूस भिजवत बसले. बेल वाजली. समोरच्या घरच्या काकू. सासूबाईंनी दार वीतभर उघडलं.

“पडदे काहून लावले वं? बरं नाही का कोणाले?”

“सुनेचं ऑफिस चालू आहे.”

“अन् तो कापूस कशाचा?”

“तिच्या ऑफिसात कापूस असते,” सासूबाई म्हणाल्या आणि दार लावलं. आमच्याकडे वळून म्हणाल्या, “आता हे गल्लीभर सांगन.”

ओला कापूस पाटीवर दाबला. डबा अडला. पुण्याचाच ट्रेस पुन्हा आला: झोप, आणि तिच्या खाली थेट ‘ओलावा’. बाईंनी पिचकारी खाली ठेवली. मी म्हणालो, “थांब, हेर बदलू.” झोपेच्या दारात पकडण्याऐवजी, झोप संपवून परत निघताना पकडायचं. आमच्याकडे तसंही साधन आहे. ते काय करतं, तर परतीच्या वाटेची पाटी काढून तिथं आपली पाटी लावतं, म्हणजे परत जाणारा आधी त्याच्याकडे येतो. लावलं. कापूस दाबला. ट्रेस आला. झोपेला कोणी पाठवलं? उत्तर: त्या साधनानंच. पंचनाम्यात आरोपी म्हणून फौजदाराचंच नाव.

मला इतकं हसू आलं की खुर्ची मागे गेली. ती हसली नाही. “दादा, घड्याळ पाहा.”

मग मी तिसरा उपाय काढला, आणि तो माझ्या डोक्यातून निघाला याची मला शरम नाही, कारण तो करून पाहण्यासारखाच होता. खुणांच्या मागे न जाता अख्खी उतरंड तळापर्यंत उपसायची आणि जे जे नावासारखं दिसेल ते छापायचं. छापलं. पानभर नावं आली. त्यात कीबोर्डचं फंक्शन होतं. डब्याला कीबोर्डच नाही, फक्त तो सुरू होताना एकदा कीबोर्ड शोधतो. म्हणजे हे नाव सकाळपासून तिथं तसंच पडून होतं. जेवणं झाल्यावर मांडवात जाऊन पत्रावळी मोजल्या तर आधीच्या पंगतीतल्याही मोजल्या जातात, तसं हे झालं. जेवून कधीच घरी गेलेले पाहुणे आमच्या ट्रेसमध्ये ढेकर देत होते.

सासूबाईंनी तेवढ्यात ताटं आणली. टेबलावर जागा नव्हती म्हणून आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवलो: भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. त्या समोर बसून वाढत होत्या. “सापडलं का?”

“नाही.”

“मंग जाते का पुण्याले?”

 ताट ठेवून, डाव्या हातानं लॅपटॉप ओढून सून ट्रेसमधल्या ‘ओलावा’च्या ओळीकडे बघत राहिली. ट्रेस फक्त नाव देत नाही, फंक्शनच्या आतला पत्ताही देतो: अमक्या जागेवरून याला पाठवलं. तिनं तो पत्ता घेतला आणि आपल्या फंक्शनचं यंत्रभाषेतलं रूप उघडून तिथं गेली. बराच वेळ गेला. भाकरीचा तुकडा तिच्या उजव्या हातात तसाच.

“दादा, इकडं या.”

मी गेलो.

“या जागेवर झोपेचं नावच नाही. म्या इथं दुसऱ्याच कोणालेतरी हाक मारली.”

“कोणाला?”

“नाव नाही लिहिलं. डबा चालू होताना नंबर भरला जाते, तो नंबर लावला म्या. ज्याचा नंबर, तो येते.”

मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. खरंच. पत्ता बरोबर होता. ट्रेसमधलं एकही नाव खोटं नव्हतं. एक नाव कमी होतं. ‘ओलावा’ने कोणाला तरी बोलावलं, त्या कोणीतरी झोप मागितली, आणि तो कोणीतरी मधल्या मधे गायब.

मग मला दिसलं. हे सांगताना आजही मला खुर्चीवर बसवत नाही. “काकू,” मी म्हणालो, “जरा उठा.”

“काहून?”

“नाटक करायचं आहे.”

“हातात वाटी आहे माह्या.”

“वाटीच हवी.”

रीत अशी असते, मी त्यांना सांगितलं. कोणालाही कामाला पाठवलं की त्यानं आत येऊन पहिलं काम हे करायचं: स्वतःची वाटी टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, मला अमक्यानं पाठवलं. मग पुढचं. “आता काकू, तुम्ही सुनेला सांगा, पाणी आण.”

“आणायले सांगू का खरंच?”

“सांगा.”

“पाणी आण वं.”

सुनेनं वाटी ठेवली. “मले आईनं पाठवलं.”

“आता तू मला पाठव.”

“दादा, पाणी आणा.”

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेलो, वाटी हातात धरली आणि थांबलो. “इथं हेर मला पकडतो. माझी वाटी अजून हातातच आहे, ठेवलेली नाही. हेराला घाई. तो टेबलाकडे बघतो. सगळ्यात वर कोणती वाटी?”

“हिची,” सासूबाई म्हणाल्या.

“तिच्यावर काय म्हटलं?”

“आईनं पाठवलं.”

“हेर लिहून घेतो: भाऊला आईनं पाठवलं. संपला पंचनामा.”

सासूबाईंनी ती वाटी बोटानं पुढे सरकवली. “म्हणजे पाठवलं हिनं, हिचं नावच नाही, अन् आळ माह्यावर?”

“बरोबर.”

“यात नवीन काय आहे, भाऊ? हे तं या घरात रोजचं आहे.”

सून इतकी हसली की तिला ठसका लागला. सकाळपासून पहिल्यांदा इतकं मोकळं. मग तिनं हात धुतले आणि आम्ही कामाला लागलो, कारण आता करायचं काय ते उघड होतं. पुण्यानं हेर झोपेच्या अगदी उंबऱ्यावर उभा केला होता, पहिल्याच पायरीवर, जिथं येणाऱ्याची वाटी अजून हातात असते. त्याला थोडा आत सरकवायचा, वाटी ठेवून झाली की मग पकडायचं. सरकवला. पण कापूस एव्हाना पंख्याखाली वाळला होता. पुन्हा पिचकारी, पुन्हा दाबणं. डबा अडला आणि ट्रेस आला.

झोप. तिच्या खाली ‘पुन्हा विचार’. त्याच्या खाली ‘ओलावा’.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ‘पुन्हा विचार’ हे फंक्शन कंपनीत सगळे ओळखतात. काटा असो, सेन्सर असो, वेडंवाकडं उत्तर आलं की ते थोडं थांबतं आणि पुन्हा विचारतं. ते सगळ्यांचं सामाईक आहे आणि कोणी त्याला हात लावत नाही, कारण कंपनी सुरू झाली तेव्हा ते खुद्द मोठ्या साहेबांनी लिहिलं होतं. नव्या लोकांना ते पहिल्या आठवड्यात दाखवतात, सुबक लिखाणाचा नमुना म्हणून.

माझ्या डोक्यात लगेच नाटकाचे तीन अंक उभे राहिले. पहिल्या अंकात साहेबांना बोलू द्यायचं, पूर्ण. दुसऱ्यात आपण हळूच विचारायचं, सर, तुमची खात्री आहे? तिसऱ्यात पडदा. मी हे सगळं हातवाऱ्यांसह सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“दादा, नाटक नका करू. माहं घर आहे यात.”

मी गप्प बसलो. माझ्या ओळखीचे लोक सांगतील, हे किती दुर्मीळ आहे.

चार वाजले. लॅपटॉपच्या पडद्यावर पुण्याचे चेहरे उमटले. साहेब सभ्य माणूस. आवाज कधी चढत नाही. त्यांनी सुरुवात केली, “हे पहा, यात व्यक्तिगत काहीच नाही. माणसं चुकतात. पण ट्रेस खोटं बोलत नाही, आणि ट्रेस स्पष्ट आहे.”

“सर, ट्रेस खोटं नाही बोलत,” ती म्हणाली. पुण्याशी बोलताना तिची भाषा इस्त्री करून येते, आणि आमच्या हेराचा ‘प्रोब’ होतो. “तो एक नाव गाळतो. दाखवू का? डबा माझ्यासमोर आहे. प्रोब कुठं लावायचा ते तुम्हीच सांगा.”

“जिथं आपण लावला होता तिथंच लावा.”

तिनं लावला. आता कापूस ओला करायचा होता. तिचे दोन्ही हात कीबोर्डवर, आणि मी लॅपटॉप असा तिरका धरून उभा की पुण्याला डबा आणि पाटी दोन्ही दिसावीत. पिचकारी टेबलाच्या त्या टोकाला. मी सोडली असती तर लॅपटॉप कलंडला असता. 

सासूबाई उठल्या. त्यांनी पिचकारी उचलली. पडद्याकडे, त्यातल्या पुण्याच्या अनोळखी चेहऱ्यांकडे एकदा पाहिलं, आणि कापसावर पाणी मारलं. थोडं नाही. चांगला चिंब होईपर्यंत.

“झालं का?” त्या म्हणाल्या.

“दाबा, आई.”

त्यांनी दाबला. ट्रेस आला, पुण्याचाच. झोप, ओलावा. साहेबांनी मान हलवली. “हेच तर मी म्हणतोय.”

“सर, आता हाच प्रोब थोडा आत लावते. फंक्शनची स्वतःची खूण ठेवून झाल्यावर. बाकी काही बदललेलं नाही, तुम्ही बघताय.”

“लावा.”

“आई, अजून पाणी.”

आणखी पाणी. कापसातून आता थेंब टेबलावर पडत होते. डबा अडला. पडद्यावर तीन नावं आली.

 इतर चेहऱ्यांपैकी दोघांनी एकदमच आपले कॅमेरे बंद केले, बहुधा हसू लपवायला. साहेब पुढे झुकले. चष्मा काढला, पुन्हा लावला.

“हे ‘पुन्हा विचार’… एक मिनिट. हे मी लिहिलंय.”

“हो सर.”

“तेव्हा फक्त काटा होता. काट्याला थोडं थांबावं लागायचं.” ते स्वतःशीच बोलत होते. “ओल्या कापसाचा मी विचारच केला नव्हता. मी ओला कापूस पाहिलेलाच नाही.”

“आता पाहा,” सासूबाई म्हणाल्या आणि मूठभर कापूस कॅमेऱ्यासमोर धरला.

“नमस्कार,” साहेब दचकून म्हणाले. “आपण?”

“मी हिची सासू.”

 साहेब कागदांशी चाळा करत राहिले, मग म्हणाले, “म्हणजे असं बघा, आपण आजवर दारात प्रोब लावून जेवढे ट्रेस घेतले, त्या प्रत्येकात एक नाव कमी आहे.” त्यांनी कागद बाजूला ठेवले. “गेल्या वर्षी काट्याच्या कोडवरून मी एकाला बरंच बोललो होतो. त्याला फोन करावा लागेल.”

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी ते आवडले. मोठ्या माणसाला आपलंच नाव आरोपींच्या माळेत सापडतं तेव्हा तो सहसा माळेलाच शिव्या देतो. यांनी दिल्या नाहीत.

“सर, निर्णय?” ती म्हणाली. 

“निर्णय काय? तुमचा भाग आहे तसा राहील. ‘पुन्हा विचार’ मी दुरुस्त करतो. पण ते तपासायचं तर असा कापूस लागणार, आणि तो पुण्यात मिळायचा नाही. तुम्ही तिथंच राहा. तपासणी तिकडेच होईल.” आणि मग, जरा संकोचून, “त्या बाईंना विचारा, चालेल का?”

सगळे सासूबाईंकडे पाहायला लागले. त्यांनी पिचकारी खाली ठेवली, पदराला हात पुसले.

“कापूस तुमी धाडा. घरचा नाही भेटणार.”

मीटिंग संपली. तिनं लॅपटॉप मिटला आणि नवऱ्याला फोन लावला. तो वर्गात होता, कुजबुजत ‘नंतर, नंतर’ म्हणाला असावा, कारण ती म्हणाली, “नंतर नाही, आताच ऐका. मी नाही जाऊन राहिली,” आणि ठेवून दिला. मग तशीच हातात फोन धरून उभी राहिली. मला वाटलं आता रडेल, आणि मी खिशात रुमाल चाचपू लागलो, तो मूर्तिजापूरच्या स्टेशनवरच्या भज्यांनी तेलकट झालेला.

“मंग, नाही चालली?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही, आई.”

“बरं.” त्यांनी कपाटातून ज्वारीचा डबा काढून तिच्या हातात दिला. “मंग दळण घेऊन ये. मी म्हटलं दोघांपुरतं पीठ आहे घरात, म्हणून दळून आणलंच नव्हतं.”

सून डबा घेऊन स्कूटरवर निघाली. मी खिडकीजवळ सरकलो आणि पडदे उघडायला लागलो. सासूबाई बाहेर गॅलरीत गेल्या होत्या. समोरच्या काकू आपल्या गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. त्यांनी काही विचारलं नव्हतं, वर पाहिलंही नव्हतं.

“ऐकलं का वं,” सासूबाई कठड्यावर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, “आमची सून कुठं जाऊन नाही राहिली. पुण्याचं ऑफिसच इकडं येऊन राहिलं.”